प्रेमाचा त्रिकोण आणि संभवनीयता : ‘द हंगर गेम्स’ या कादंबरीत्रयीच्या संदर्भात

कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या डिस्टोपियन कादंबरीवर, म्हणजे आदर्श राज्याची कल्पना उलटी करून भावी जुलमी समाजाचे चित्र रेखाटणाऱ्या कादंबरीवर, एक आक्षेप वारंवार घेतला जातो. राज्यसत्ता, उपासमार, हिंसा यांसारखे गंभीर विषय हाती घेऊन हे लेखक अखेरीस नायिकेला दोन तरुणांच्या मध्ये उभी करतात, आणि मूळ विषय बाजूला पडतो, असे या आक्षेपाचे स्वरूप आहे. तथापि त्रिकोण ही कथानकाची एक रचना आहे. ती पटते की नाही, हे त्या त्या कृतीच्या अंतर्गत तर्कावरूनच ठरवले पाहिजे. शिवाय या परंपरेला ती अपरिचितही नाही. झाम्यातिनने १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या ‘वुई’ या कादंबरीतील डी-५०३ हा नायक राज्याने नोंदवून दिलेला संबंध आणि बंडाकडे नेणारे आकर्षण या दोहोंमध्ये, म्हणजे ओ-९० आणि आय-३३० या दोन स्त्रियांमध्ये, असाच सापडलेला आहे.

सुझान कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ (२००८), ‘कॅचिंग फायर’ (२००९) आणि ‘मॉकिंगजे’ (२०१०) या तीन कादंबऱ्यांत कॅटनिस ही सोळा वर्षांची मुलगी, तिचा शिकारीतील सोबती गेल आणि बेकरीवाल्याचा मुलगा पीटा असा त्रिकोण आहे. पॅनेम या राज्यात दरवर्षी बारा जिल्ह्यांतून चोवीस मुलामुलींना निवडून एकमेकांशी मरेपर्यंत झुंजवले जाते, आणि हा सोहळा साऱ्या देशाला दाखवला जातो. धाकटी बहीण प्रिम हिचे नाव निघताच कॅटनिस तिच्या जागी स्वतः पुढे होते. त्रिकोणाचा विचार करताना हा आरंभ सतत ध्यानात ठेवावा लागतो.

पहिल्या कादंबरीत प्रेम ही प्रथम सर्वांसमोर उच्चारलेली गोष्ट आहे. खेळापूर्वीच्या मुलाखतीत पीटा आपले प्रेम जाहीर करतो. तो बोलतो ते खरे की डावपेच, हे कॅटनिसला उमगत नाही, आणि निवेदन तिच्याच तोंडून वर्तमानकाळात चालत असल्यामुळे वाचकालाही उमगत नाही. पुढे गुहेत जखमी पीटाचे ती चुंबन घेते तेव्हा पुरस्कर्त्यांकडून सारभांडे येऊन पोचते, आणि एका चुंबनाची किंमत एक भांडे, हा हिशेब ती मनाशी बांधते. प्रेम येथे अन्न मिळवण्याचे चलन झाले आहे. अशा स्थितीत एखाद्या मुलीला स्वतःच्या भावनेचा निवाडा करता येऊ नये, यात अस्वाभाविक काहीच नाही. तिचा संभ्रम राज्ययंत्रणेनेच घडवलेला आहे. ही यंत्रणा पुढे गेलला ‘नात्यातला भाऊ’ ठरवून मोकळी होते. दुसऱ्या कादंबरीत तर राष्ट्राध्यक्ष स्नो स्वतः घरी येऊन तिला बजावतो की, हे प्रेम खरे असल्याची खात्री लोकांना पटलीच पाहिजे.

येथवर त्रिकोण पूर्णपणे पटतो, कारण तो मूळ विषयाचाच एक भाग आहे. ‘ती कोणाला वरणार?’ हा प्रश्न कॅटनिसच्या मनात क्वचितच अग्रभागी असतो. तो कॅपिटॉलमधील प्रेक्षकांचा प्रश्न आहे. वाचकांनीही या दोन तरुणांचे पक्ष घेतले, तेव्हा ते नकळत त्याच प्रेक्षकांच्या आसनांवर जाऊन बसले. या दृष्टीने २०१२ चा चित्रपट उद्बोधक आहे. गुहेतील चुंबनाच्या वेळी तो पडद्यावर पाहणाऱ्या गेलचा चेहरा दाखवतो. कादंबरीतील निवेदिकेला हा चेहरा दिसणे शक्यच नाही. जो सरळ त्रिकोण कादंबरीने टाळला होता, तो चित्रपटाने एका दृश्यात उभा केला.

तरीही या त्रिकोणात एक उणीव राहतेच. त्याची एक बाजू अस्पष्ट आहे. पीटाने दिलेला करपलेला पाव, त्याची जखम, त्याचे रात्रीचे जागरण हे सारे वाचकाच्या डोळ्यांसमोर घडते. गेल मात्र पहिल्या कादंबरीत बहुतांशी आठवणींतून येतो. दोघांचेही वडील एकाच खाणस्फोटात गेले आणि दोघांनाही आपापली कुटुंबे पोसावी लागली, एवढे सख्य समजते. त्याचे प्रेमात कसे रूपांतर झाले, ही प्रक्रिया मात्र पुरेशी दिसत नाही.

शेवटाबद्दलचा वाद यापेक्षा महत्त्वाचा आहे. तिसऱ्या कादंबरीत पहिल्या स्फोटानंतर मदतीला धावणाऱ्यांना दुसऱ्या स्फोटात गाठणाऱ्या सापळ्याची कल्पना गेल आणि बीटी तयार करतात. अशाच दुहेरी स्फोटात प्रिम मरते. बॉम्ब आपलाच होता की नाही, हे गेललाही सांगता येत नाही. लेखिकेने एका कोनाला सोयीस्करपणे दूर केले, असे काहींना वाटते. हे मत ग्राह्य धरता येत नाही. सापळे रचणे हे गेलचे अगदी आरंभापासूनचे कसब आहे. शत्रूविषयीची त्याची कठोरताही क्रमाक्रमाने वाढत गेलेली आहे. आणि ज्या बहिणीसाठी कॅटनिस आखाड्यात उतरली, तिचे रक्षण करील हाच त्याच्यावरील तिच्या विश्वासाचा पाया होता. तो ढासळताच संबंध संपतो. कथानकाचा खरा अक्ष प्रिम आहे, आणि त्रिकोणही त्याच अक्षावर मोडतो. कार्यकारणाच्या दृष्टीने ही रचना निर्दोष आहे.

दोष त्यानंतर येतो. गेल जिल्हा क्रमांक दोनमध्ये निघून जातो. छळातून स्मृती विकृत झालेला पीटा परततो, आणि दोघांचे पुन्हा जवळ येणे थोड्या पानांत आटोपते. गेलमध्ये आग आहे आणि आपल्याला हवे आहे ते वसंतातल्या फुलासारखे आश्वासन, असा निष्कर्ष नायिका स्वतःच सांगून टाकते. तीन ग्रंथ ज्या भावनेविषयी साशंक राहिले, तिचा उलगडा दोन स्वभावांच्या तुलनेत व्हावा, हे कृतीच्या गांभीर्याला साजेसे नाही. शिवाय जिच्याशिवाय आपण जगू शकणार नाही अशाचीच ती निवड करील, हे गेलचे भाकीत ऐकून ती दुखावली होती. अखेरचे निवेदन त्या भाकिताचे पुरेसे खंडन करीत नाही.

सारांश, हा त्रिकोण दडपण म्हणून पूर्णपणे पटतो, निवड म्हणून अर्धाच पटतो. मात्र हे अपयश प्रेमकथा राजकीय कथेत शिरल्यामुळे आलेले नाही. शेवटच्या पानांत ती राजकीय कथेपासून सुटी झाली, म्हणून ते आले आहे. डिस्टोपियन कादंबरीतील प्रेमाचे परीक्षण करणाऱ्याने ‘प्रेम येथे कशाला?’ हा प्रश्न सोडून, हे प्रेम त्या राज्यातच संभवले असते काय, एवढेच विचारावे. या कसोटीवर पहिल्या दोन कादंबऱ्या उतरतात, आणि तिसरी प्रिमच्या मृत्यूपर्यंत.