सूत्र बरोबर, उत्तर चूक

‘२३० व्होल्ट, १०० वॅट’ असे लिहिलेल्या बल्बचा रोध काढा, असे विचारले तर दहावीचा विद्यार्थी एका मिनिटात उत्तर देतो. विभवांतराचा वर्ग भागिले शक्ती, म्हणजे ५२९ ओहम. पूर्ण गुण. आता तसाच फिलॅमेंटचा बल्ब होल्डरमधून काढून, थंड असताना, मल्टिमीटरने मोजावा. मीटर चाळीस ओहमच्या आसपास आकडा दाखवतो. यावर बहुतेक विद्यार्थी म्हणतात, “सर, मीटर बिघडलाय.”

मीटर बिघडलेला नसतो आणि सूत्रही चुकलेले नसते. चूक आहे ती हे गणित शिकवण्याच्या आपल्या पद्धतीत.

राज्य मंडळाच्या २०१७ सालच्या नववीच्या पुस्तकात ओहमचा नियम देताना वाहकाची भौतिक अवस्था कायम असण्याची अट स्पष्ट घातली आहे. ही पुस्तकाची जमेची बाजू. पण नियम पाठ करताना म्हटलेली ही अट गणित सुरू होताच गळून पडते. वर्गात आणि शिकवणीत उरतो तो त्रिकोण: वर व्ही, खाली आय आणि आर, जे काढायचे त्या अक्षरावर बोट ठेवायचे. हा त्रिकोण गुण मिळवून देतो, पण दोन प्रश्न कधीच विचारत नाही. रोध केव्हाचा? आणि विभवांतर कोणाच्या दोन टोकांमधले?

पहिला प्रश्न बल्बचा. पेटलेल्या बल्बमधील टंगस्टनचे तापमान सुमारे २५०० अंश सेल्सिअस असते आणि त्या तापमानाला त्याचा रोध थंड असतानाच्या तेरा-चौदा पट होतो. ५२९ ओहम हा पेटलेल्या बल्बचा रोध, चाळीस ओहम हा थंड बल्बचा. दोन्ही आकडे खरे आहेत. बटण दाबताच पहिल्या क्षणी २३० भागिले ४०, म्हणजे पावणेसहा अँपिअरच्या आसपास धारा जाऊ शकते. नंतर ती ०.४३ अँपिअरवर स्थिरावते. जुना बल्ब बहुधा लावतानाच का जातो, याचे एक मोठे कारण या भागाकारात आहे. असे असूनही प्रश्नपत्रिकेत ‘हाच बल्ब ११५ व्होल्टला जोडला तर शक्ती किती?’ असे विचारून २५ वॅट हे उत्तर अपेक्षिले जाते. प्रत्यक्षात फिलॅमेंट कमी तापते, त्याचा रोध उतरतो आणि शक्ती तेहतीस वॅटच्या जवळपास भरते. ‘रोध कायम मानून’ हे तीन शब्द प्रश्नात घातले असते तरी हा दोष टळला असता.

दुसऱ्या प्रश्नाचे उदाहरण पनवेलच्या मुलांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. ज्या हार्बर मार्गाने त्यांचे पालक मुंबईला जातात, त्याच मार्गावर व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १५०० व्होल्टच्या एकदिश धारेवर धावली. एप्रिल २०१६ मध्ये हा मार्ग २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेवर आला. कशासाठी?

समजा, गाडीला ३००० किलोवॅट शक्ती हवी आहे आणि तारेचा रोध ०.१ ओहम आहे. प्रत्यावर्ती धारेचे बारकावे बाजूला ठेवू. १५०० व्होल्टला धारा २००० अँपिअर लागेल, तारेत ४०० किलोवॅट वाया जातील. २५,००० व्होल्टला धारा अवघी १२० अँपिअर आणि तारेतील नाश दीड किलोवॅटहून कमी.

हेच गणित वर्गात द्या. काही हुशार मुले २५,००० चा वर्ग करून त्याला ०.१ ने भागतील आणि तारेतील नाश ६२५० मेगावॅट काढतील! सूत्र पुस्तकातलेच आहे. फक्त २५,००० व्होल्ट तारेच्या दोन टोकांमध्ये नाहीत. तिथे आहेत १२० गुणिले ०.१, म्हणजे १२ व्होल्ट. बाराचा वर्ग भागिले ०.१ केले की १४४० वॅट हेच उत्तर येते. दोन सूत्रांत विरोध नाही. विभवांतर, धारा आणि रोध ही तिन्ही एकाच वस्तूची आणि एकाच वेळची असली पाहिजेत, एवढेच.

हा केवळ गुणांचा प्रश्न नाही. यातलेच काही विद्यार्थी उद्या वायरमन होतील. २००० वॅटच्या गिझरच्या प्लगमध्ये सैल जोडाचा एकच ओहम रोध आला तरी त्या टिचभर जागेत सुमारे ७० वॅट उष्णता निर्माण होते. ‘एक ओहम म्हणजे काय मोठे’ म्हणणाऱ्याच्या घरी प्लग वितळतो.

उपाय खर्चिक नाही. सहा व्होल्टचा विजेरीचा छोटा बल्ब, चार सेल, व्होल्टमीटर व अमीटर घ्यावेत. एक, दोन, तीन, चार सेल लावून दर वेळी विभवांतर व धारा मोजावी आणि भागाकार करावा. रोध दर वेळी वाढलेला दिसेल. घरच्या विजेवर हा प्रयोग मुळीच करू नये. आणि फळ्यावर त्रिकोण काढण्यापूर्वी दोन शब्द लिहावेत: ‘कोणाचे? केव्हाचे?’ मग मीटरला दोष देणारा विद्यार्थी आधी आपले गणित तपासून पाहील.