वितळायचं कुणी?

आपल्या कवितेत ऐरण फार झाली. घण, ठिणग्या, लालभडक लोखंड. घाव घातला की क्रांती. भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या 'साधी माणसं' सिनेमातलं ऐरणीचं गाणं घरोघर गेलं. तिथं लोहारकाम देवपूजेइतकं सोज्वळ. आमच्या पोरांच्या कवितेत ते संतापलेलं. पण दोन्हीकडं लोहारशाळा एकच – दुरून बघितलेली. माझं भांडण या दुरून बघण्याशी आहे.

आमच्या वस्तीच्या कडेला घिसाड्यांची पालं पडायची. बाप्या सांडशी धरायचा, बाई घण मारायची. कवितेत बाईच्या हातात घण क्वचितच दिसतो. भाता कातड्याचा. मेलेलं जनावर ओढायचं महारानं, कातडं कमवायचं ढोरानं. कवितेत मात्र त्या भात्यातून नुसता क्रांतीचा वारा येतो. आणि बिनघणाचंही एक काम तिथं चालायचं, ते तर कवितेत नाहीच. पितळेची झाळ.

कुलपाची मोडलेली कडी जोडायची तर आधी दोन्ही तोंडं कानशीनं घासून पांढरी करायची. गंज राहिला तर पितळ धरत नाही. मग जोड तारेनं आवळायचा, टाकणखार पाण्यात कालवून लावायचा, वर पितळेचे तुकडे ठेवायचे आणि कोळशात सारायचं. टाकणखार आधी वितळतो, काचेसारखा पसरतो, तापल्या लोखंडावर धरणारी खपली खातो. मग नऊशे अंशांच्या आसपास पितळाचं पाणी होतं आणि ते आपण होऊन फटीत शिरतं. इथं घण मारला तर जोड सुटेल. हात आवरायचा, निवू द्यायचं. पितळेतलं जस्त जळून पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. हा ताप कुठल्या कवितेत आहे?

आता प्रतिमेकडं येऊ. जाती विसरा, एका भट्टीत वितळा, एकजीव व्हा, असं आम्हाला सभांतून, अग्रलेखांतून ऐकवलं जातं. आमचेही काही कवी ही भट्टी उचलतात. मी विचारतो, वितळायचं कुणी? लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात. झाळ देताना ते लाल होतं, बस्स. वितळतं ते पितळ. दोन्हीकडचं लोखंड ताठ, मधल्याचं पाणी. समाजातही एकजीव व्हा म्हणणारा स्वतः वितळत नाही. आडनाव आम्ही बदलायचं, बोली आम्ही सोडायची, इतिहास आम्ही गिळायचा.

आणि गंज? तो कुणी घासायचा? १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. शास्त्रांच्या पावित्र्यावरच कानस धरली. मंडळाला ती सोसली नाही, परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतः छापलं. जोड सगळ्यांना हवा असतो, कानस कुणालाच नको असते.

कविमित्रांनो, ऐरण वापरा, माझी ना नाही. पण कोण वितळतंय, कोण ताठ राहतंय आणि रात्री ताप कुणाला भरतोय, एवढं जवळ जाऊन बघा. मग लिहा.