संज्ञापन की संवाद? : औद्योगिक पट्ट्यातील बारावीचा इंग्रजीचा वर्ग

इंग्रजीतील ‘कम्युनिकेशन’ या शब्दासाठी मराठीत तीन प्रतिशब्द रूढ आहेत : संज्ञापन, संप्रेषण आणि संवाद. ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जात असले तरी त्यांच्या पोटातील कल्पना एक नाही. संज्ञापनात जाणवून देणे आहे, संप्रेषणात पाठवणे आहे. संवादात मात्र एकत्र बोलणे आणि जुळणे आहे. म्हणूनच संवादाचा विरुद्धार्थी शब्द ‘मौन’ हा नसून ‘विसंवाद’ हा आहे. मूळ इंग्रजी शब्दातही अशीच दुफळी असल्याचे रेमंड विल्यम्स यांनी ‘कीवर्ड्‌स’ (१९७६) या ग्रंथात दाखवले आहे : एका टोकाला एकाकडून दुसऱ्याकडे पोचवणे, दुसऱ्या टोकाला वाटून घेणे, सामाईक करणे. उच्च माध्यमिक स्तरावरील इंग्रजीच्या अध्यापनात साहित्य, संस्कृती आणि संज्ञापन यांच्या संबंधाविषयी जो गोंधळ आढळतो, त्याचे मूळ या दुफळीत शोधावे लागते.

बारावीसाठी २०२०-२१ या वर्षी लागू झालेल्या ‘इंग्लिश युवकभारती’ या पाठ्यपुस्तकाची मांडणी या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. त्याचे विभाग चार : गद्य, पद्य, लेखनकौशल्ये आणि कादंबरी हा साहित्यप्रकार. सारांश, टिपणे, प्रवेशासाठीचे उद्दिष्टकथन, निरोपलेखन, गटचर्चा हे सारे तिसऱ्या विभागात येते. म्हणजे ‘संज्ञापन’ ही साहित्याला वळसा घालून शिकण्याची गोष्ट आहे, असे ही विभागणीच सुचवते. उलट, साहित्याच्या विभागातील उतारा परीक्षेत वाक्यरूपांतराच्या उपयोगाचा ठरतो. एकीकडे आशयावाचून कौशल्य, दुसरीकडे कौशल्यासाठी वापरून टाकलेला आशय, अशी ही अवस्था आहे. वस्तुतः याच पुस्तकातील निदान दोन पाठ संज्ञापनाच्या प्रश्नालाच थेट भिडणारे आहेत, आणि ते कोठे वाचले जातात यावर त्यांचा अर्थ बराचसा अवलंबून आहे.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा हे असे एक ‘कोठे’ आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी-चिंचवडच्या माळांवर कारखाने दाटले. १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ च्या सुमारास जर्मन मोटार कंपन्यांचे कारखाने चाकण परिसरात सुरू झाल्यावर हा पट्टा खेडच्या शेतजमिनीपर्यंत पोचला. येथे ‘कंपनीत आहे’ एवढे सांगितले की माणसाचा पत्ता लागतो. मात्र तो ‘परमनंट’ की ‘कंत्राटी’ हा पुढचा प्रश्न राहतोच. शिफ्ट, लाइन, रिजेक्शन, ब्रेकडाउन, ओटी हे शब्द येथील मराठीने केव्हाच पचवले आहेत. तेव्हा या पट्ट्यातील कामगाराच्या घरात इंग्रजी नसते असे म्हणता येत नाही. ते वाक्यांच्या रूपात नसते, नामांच्या रूपात असते. वाक्ये बोलणारा वर्ग कंपनीत काचेच्या पलीकडे बसतो, आणि मुलाने त्या काचेपलीकडे जावे ही बापाची इच्छा असते.

या इच्छेची थट्टा करण्याचा अधिकार समीक्षेला नाही. सावित्रीबाई फुले यांनी ‘काव्यफुले’ (१८५४) मध्ये इंग्रजी शिकण्याचा जो आग्रह धरला, तो शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी होता. २००० साली पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय राज्याने घेतला तेव्हा शालेय शिक्षणमंत्री असलेले प्रा. रामकृष्ण मोरे हे याच पिंपरी-चिंचवडचे होते. त्या निर्णयाला विरोध करणाऱ्या अनेकांची स्वतःची मुले इंग्रजी माध्यमात शिकत होती, हा त्या वादातील अवघड भाग होता. इंग्रजी शिकवावे की नाही हा प्रश्न म्हणून येथे निकालात निघालेलाच आहे. इंग्रजीतून काय शिकवले जाते, आणि ते शिकताना काय हातचे जाते, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न इंग्लंडला त्याच्या मातृभाषेत पडला होता. आपल्या अकरावी-बारावीशी जुळणाऱ्या तेथील ‘सिक्स्थ फॉर्म’सारख्या वरच्या वर्गांना समोर ठेवून एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्प्सन यांनी १९३३ मध्ये ‘कल्चर अँड एन्व्हायरन्मेंट’ हे पुस्तक लिहिले. जाहिराती, वृत्तपत्रे, लोकप्रिय कादंबऱ्या यांची भाषा विद्यार्थ्यांनी तपासावी, असे अभ्यास त्यात दिलेले होते. साहित्याने घडवलेली संवेदनशीलता बाजारी भाषेविरुद्ध वापरण्याचा हा प्रयत्न मोलाचा होता. पण त्यामागे एका हरवलेल्या एकजीव ग्रामसमाजाचे स्वप्न होते. विल्यम्स यांनी ‘कल्चर अँड सोसायटी’ (१९५८) मध्ये या स्वप्नाची चिकित्सा केली. ते स्वतः रेल्वेतील सिग्नलमनचे पुत्र होते आणि प्रौढ शिक्षणाच्या वर्गांवर त्यांनी बरीच वर्षे शिकवले होते. संस्कृती ही मूठभरांनी जपलेली ठेव नसून सामान्य जीवनाची घडण आहे, ही त्यांची भूमिका या अनुभवाशी सुसंगतच होती. चाकणच्या पट्ट्यात लीव्हिसप्रणीत मोह विशेष प्रबळ ठरू शकतो, कारण देहू आणि आळंदी हाकेच्या अंतरावर आहेत. इंद्रायणीकाठ ही संस्कृती आणि एमआयडीसी हा तिचा ऱ्हास, अशी सोपी वाटणी करता येते. पण पहिल्या पाळीला जाणारा आणि आषाढीला रजा टाकणारा माणूस पुष्कळदा एकच असतो. या वाटणीत त्यालाच जागा उरत नाही.

आता पाठांकडे वळता येईल. ए. जी. गार्डिनर यांच्या ‘ऑन सेइंग प्लीज’ या निबंधाचा आरंभ एका घटनेने होतो. लिफ्टमध्ये शिरलेला गृहस्थ ‘वर’ एवढेच म्हणतो. लिफ्टमन ‘वर, प्लीज’ असे म्हणण्याचा आग्रह धरतो. गृहस्थ नकार देतो आणि लिफ्टमन त्याला बाहेर फेकतो. लिफ्टमनला दंड होतो. उद्धटपणाला कायद्यात शिक्षा नाही, तिचे परिमार्जन सौजन्यानेच करावे लागते, असा निबंधाचा रोख आहे. परीक्षेपुरता त्याचा अर्थ ‘शिष्टाचाराचे महत्त्व’ या एका ओळीत आटोपतो. परंतु या निबंधात दोन प्रश्न दडलेले आहेत आणि दोन्ही संस्कृतीचे आहेत.

पहिला भाषेचा. मराठीत ‘प्लीज’ला रोजच्या बोलण्यातला प्रतिशब्द नाही. ‘कृपया’ हा फलकांचा आणि फलाटावरील घोषणांचा शब्द आहे. घरात कोणी आईकडे ‘कृपया पाणी’ मागत नाही. यावरून मराठी माणूस उद्धट ठरतो काय? मराठीने सौजन्य क्रियापदात आणि सर्वनामात साठवले आहे : दे, द्या, द्याल का, द्या ना, द्यावे ही एक पूर्ण शिडी आहे, आणि तू, तुम्ही, आपण ही दुसरी. इंग्रजीत ‘यू’ एकच असल्याने तेथे सौजन्याचे बरेचसे ओझे स्वतंत्र शब्दाला वाहावे लागते. ही तुलना वर्गात झाली तर विद्यार्थ्याला दोन्ही भाषांविषयी काही कळते. ती न होता केवळ ‘प्लीज म्हणा’ असे सांगितले, तर आपल्या घरची भाषा असंस्कृत आहे एवढाच धडा तो घेऊन जातो.

दुसरा प्रश्न वर्गाचा. निबंधकार सुजाणपणे दोन्ही बाजू पाहतो, परंतु त्याची जागा प्रवाशाची आहे. या पट्ट्यातील वाचक लिफ्टमनच्या जागेवरून वाचू शकतो; त्याचा बाप गेटवरचा सुरक्षारक्षक असू शकतो. ‘प्लीज’ची मागणी ही त्या लिफ्टमनपुरती माणूस म्हणून गणले जाण्याची मागणी आहे. वरच्याने खालच्याशी तुसडेपणाने वागावे आणि त्याने तो राग आणखी खाली उतरवावा, अशी साखळी गार्डिनर स्वतःच कल्पितात. ती सुपरवायझर, ऑपरेटर आणि हेल्पर यांना लावून पाहण्यास फारसे श्रम पडत नाहीत. मात्र ‘संवादकौशल्य’ म्हणून जे शिकवले जाते ते बहुधा या साखळीत वरच्याशी कसे बोलावे एवढेच असते. खालच्याशी कसे बोलावे, हा प्रश्न मुलाखतीत विचारला जात नाही.

दुसरा पाठ दिलीप चित्रे यांची ‘फादर रिटर्निंग होम’ ही कविता. ‘ट्रॅव्हलिंग इन अ केज’ (१९८०) या त्यांच्या इंग्रजी संग्रहातील ही कविता मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहिणाऱ्या कवीची आहे. संध्याकाळी उशिरा लोकलने घरी परतणारा, पावसाने भिजलेला, पुस्तकांची पिशवी सांभाळणारा वृद्ध बाप. घरी पांचट चहा आणि शिळी पोळी. मुलांचे न बोलणे. आणि शेवटी रेडिओची खरखर ऐकत येणारी झोप. परीक्षेच्या भाषेत हिचा विषय ‘वृद्धत्वातील एकाकीपण’ आणि संदेश ‘वडीलधाऱ्यांची काळजी घ्यावी’. पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, देहूरोड अशी थांबे घेत जाते, चाकणला तर रेल्वेच नाही, तेथे कंपनीच्या बसगाड्या. पण रात्री परतणारा, सकाळी मुलांना झोपलेलाच दिसणारा बाप या वर्गाला परका नाही. म्हणूनच कविता संदेशात संपवणे येथे अधिक हानिकारक आहे.

ही कविता संज्ञापनाविषयीच आहे, याची साक्ष तिच्या प्रतिमा देतात. बाप गाडीतून उतरतो त्याची उपमा वाक्य आणि शब्द यांच्या संबंधातून घेतलेली आहे. शेवटची प्रतिमा तर निरोपाचीच आहे : यंत्र सुरू आहे, आवाज येतो आहे, पण अर्थ येत नाही. संप्रेषणाच्या शास्त्रात क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये ‘नॉइज’ म्हणजे निरोपात मिसळणारा व्यत्यय ही संकल्पना मांडली. तेथे व्यत्यय दूर करणे हे ध्येय आहे. कवितेत खरखर हाच आशय आहे. बाप ती बंद करीत नाही. तिच्यातून तो पूर्वज, नातवंडे आणि एका खिंडीतून या उपखंडात उतरलेले भटके लोक यांच्यापर्यंत पोचतो. जवळच्यांशी तुटलेला माणूस दूरच्यांशी जोडला जातो. लातूर, बीड, जळगाव किंवा उत्तर प्रदेशातून दोन पिढ्यांपूर्वी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना स्थलांतराची ही प्रतिमा समजावून सांगावी लागू नये.

कवितेतील ‘इस्ट्रेंजमेंट’ या शब्दाशी मराठीतून झगडण्यासारखे आहे. ‘दुरावा’ म्हटले तर घर दिसते, ‘परात्मता’ म्हटले तर कारखाना. माणसाने घडवलेल्या जगातच माणूस परका होतो हा विचार मार्क्सच्या १८४४ च्या हस्तलिखितांपासून परिचित आहे. चित्रे यांनी तो शौचालयाच्या एकांतात आणून बसवला आहे, ही त्यांची कठोर विनोदबुद्धी. दोन्ही मराठी शब्द अपुरे पडतात हे ज्या वर्गाला कळते, त्या वर्गाने इंग्रजी शब्द खरोखर शिकलेला असतो. वर्गात मराठीला मज्जाव करणारी पद्धत नेमकी ही शक्यता घालवते.

पण कवितेचा मर्मबिंदू तिच्या निवेदकात आहे. बापाचे हे सगळे अंतरंग सांगणारा मुलगा त्या न बोलणाऱ्या मुलांपैकीच एक आहे. त्याला सारे ठाऊक आहे आणि तरी घरात तो गप्प राहिला; बोलला तो कवितेत, तेही इंग्रजीत. बडोद्याहून ‘अभिरुची’ चालवणाऱ्या पुरुषोत्तम चित्रे यांच्यासारख्या वडिलांना ती भाषा कळणारी होती. आज या पट्ट्यातील मुलगा जे इंग्रजी कमावतो, ते मात्र पुष्कळदा त्याच्या बापाला कळणारे नसते. रिचर्ड हॉगर्ट यांनी ‘द यूझेस ऑफ लिटरसी’ (१९५७) मध्ये शिष्यवृत्तीच्या बळावर वर आलेल्या, घर आणि शाळा यांच्यामध्ये ताणल्या गेलेल्या कामगारपुत्राचे जे वर्णन केले आहे, ते येथे भाषाभेदामुळे अधिकच तीव्र होते. बापाने हप्ते भरून विकत घेतलेली भाषाच बाप आणि मुलगा यांच्यात येऊन उभी राहते. ‘कम्युनिकेशन स्किल्स’ या नावाखाली शिकवल्या जाणाऱ्या गोष्टीचा हा सर्वांत मोठा विरोधाभास आहे. आणि अख्ख्या पाठ्यपुस्तकात तो दाखवण्याचे सर्वाधिक सामर्थ्य एका कवितेत आहे.

याच पुस्तकातील कादंबरी-विभागात ई. आर. ब्रेथवेट यांच्या ‘टु सर, विथ लव्ह’ (१९५९) चा अंश आहे. वर्णामुळे अभियंत्याची नोकरी नाकारला गेलेला नायक लंडनच्या कामगारवस्तीत शिक्षक होतो आणि मुलांना प्रौढांप्रमाणे संबोधू लागतो. बदल संबोधनापासून सुरू होतो. उत्तम इंग्रजी आणि तांत्रिक पदवी असूनही दार बंद राहू शकते, ही त्यातील पूर्वकथाही अभियांत्रिकीकडे डोळे लावलेल्या वर्गाने ऐकण्यासारखी आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ऐंशी गुणांची लेखी परीक्षा, गर्दीचे वर्ग, प्रवेशपरीक्षांची धास्ती यांत असे वाचन कोणी करावे? शिवाय ज्याला साधे वाक्य जुळवता येत नाही त्याला परात्मता शिकवणे ही चैन नव्हे काय? याचे उत्तर असे की येथे सुचवलेले वाचन कौशल्याला पर्याय म्हणून नाही. गटचर्चेचा विषय बाहेरून आणण्याऐवजी ‘लिफ्टमनचे चुकले काय’ हा घेता येतो. सारांश कवितेतील त्या मुलाच्या मौनाचा करता येतो. ज्याला सांगण्यासारखे काही सापडले आहे तो वाक्य जुळवण्याची खटपट करतो, हे भाषाशिक्षणातले जुनेच सत्य आहे. सांगण्यासारखे काही न देता केवळ सांगण्याची रीत शिकवली की हाती येतात ती पाठ केलेली वाक्ये, आणि मुलाखत घेणाऱ्यालाही ती ओळखू येतात.

नोकरीसाठी संज्ञापन हवेच. ते नाकारणे हा वरच्यांचा दंभ ठरेल. पण संज्ञापन निरोप पोचवते, तो वाटून घेण्याचे काम संवादालाच करावे लागते. पुण्याजवळच्या या पट्ट्यात इंग्रजीच्या वर्गाने दोन्ही करावयाचे आहे. बारावीचा तो मुलगा गेटच्या आत जाईल, कदाचित काचेपलीकडेही बसेल. त्या दिवशी रात्री उशिरा परतलेल्या बापाशी तो काय बोलतो आणि कोणत्या भाषेत, ही त्याच्या इंग्रजीची गुणपत्रिकेत न येणारी परीक्षा आहे.