न पोहोचलेली चिठ्ठी

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी, नवखा धर्मगुरू म्हणून चंदगडच्या डोंगराळ भागात फिरत असता मी सायकलवरून पुष्कळदा पडलो. ऐन आषाढात तांबड्या चिखलात चाक घसरे, चढावर साखळी निसटे, कधी झग्याचे टोकच तिच्यात अडके. धर्मगुरूंच्या बैठकीत या किरकोळ अपघातांवर हशा पिके. त्यांतील एकाचे मात्र मला आजही हसू येत नाही. एका आजीबाईंना रुग्णाभ्यंग देण्यास निघालो होतो. साखळी निसटली; ती बसवीपर्यंत वीस मिनिटे गेली आणि मी पोहोचण्यापूर्वीच आजीबाईंनी प्राण सोडला होता. त्यांच्या मुलाला मी साखळीची हकीकत सांगितली. निरोप आल्यावरही चहा घेत अर्धा तास गप्पा मारीत बसलो होतो, हे सांगितले नाही.

हे आठवण्याचे निमित्त म्हणजे आमच्या धर्मग्रामातील तरुणांसमवेत नुकताच पाहिलेला बाझ लुहरमान यांचा 'रोमिओ + ज्युलिएट' (१९९६). शेक्सपिअरची मूळ भाषा कायम ठेवून दिग्दर्शकाने कथा आधुनिक सागरतीरावरच्या शहरात आणली आहे. तलवारींच्या जागी पिस्तुले आली, घोड्यांच्या जागी मोटारी. यात गैर काहीच नाही. देवलांनी १८९० साली 'झुंझारराव' लिहून ऑथेल्लोला मराठी पेहराव चढविला. विशाल भारद्वाज यांच्या 'ओंकारा'त (२००६) त्याच नाटकातील हातरुमालाचा कमरबंद झाला आणि तो शोभलाही. परंतु अशा रूपांतराची खरी परीक्षा पेहरावात नसते. मूळ नाटकात ज्या लहानशा अडथळ्याने अनर्थ ओढवतो, त्याच्या जागी नव्या काळात काय ठेवले, हे पाहावे.

मूळ नाटकात ज्युलिएट औषध घेऊन मृतवत पडणार, ही फादर लॉरेन्स यांची योजना. तिची चिठ्ठी घेऊन बंधू जॉन हद्दपार रोमिओकडे निघतात. वाटेत सोबतीसाठी ते आपल्याच पंथातील एका बंधूला गाठतात. तो बंधू आजाऱ्यांच्या भेटीला गेलेला असतो. प्लेगच्या संशयाने नगराचे तपासनीस दार बंद करून दोघांनाही कोंडतात. (२०२० साली आपल्या गावांच्या वेशी बंद झाल्या होत्या, हा प्रसंग आपल्याला परका वाटू नये.) म्हणजे चिठ्ठी अडते ती दयेच्या एका कृत्यापाशी! लुहरमान यांच्या चित्रपटात कुरिअरवाला येतो, रोमिओ भेटत नाही, सूचनेचा कागद दुर्लक्षित राहतो. युक्ती चतुर आहे, पण तीत माणूसच उरत नाही. उरते ती फक्त निसटलेली साखळी.

न्यूयॉर्कच्या टोळ्यांत हीच कथा बसविणारा 'वेस्ट साइड स्टोरी' (१९६१) मला यापेक्षा सरस वाटतो. त्यात चिठ्ठीही नाही आणि संन्यासीही नाही. निरोप घेऊन आलेल्या अनिताची टोळीतील पोरे विटंबना करतात आणि संतापाच्या भरात ती नायिका मेल्याचे खोटेच सांगून जाते. येथे निरोप अडतो तो द्वेषाने, आणि दोन घराण्यांच्या वैराचे हे नाटक मुळात त्याविषयीच आहे. मूळ प्रसंग साफ बदलूनही हा चित्रपट नाटककाराशी अधिक इमान राखतो.

लुहरमान यांच्याविषयी माझी आणखी एक तक्रार आहे. नाटकातील लॉरेन्स उशिरा, थडग्यांना ठेचकाळत पोहोचतात, पहारेकऱ्यांची चाहूल लागताच ज्युलिएटला एकटी सोडून पळतात, आणि शेवटी सर्वांसमक्ष घडले ते सांगून, आपला दोष असेल तर आपला जीव घ्यावा, असे म्हणतात. चित्रपटात पीट पोस्टलथ्वेट यांनी ही भूमिका फार समजून केली आहे. पण मेणबत्त्यांनी उजळलेल्या चर्चमधील अखेरच्या दृश्यात फादर नाहीतच, आणि त्यांची कबुलीही गाळली आहे. आम्हा धर्मगुरूंवर केलेली ही मेहेरबानी मला रुचली नाही.

चित्रपट संपल्यावर एका मुलाने विचारले, "फादर, त्या फादरांचं पुढे काय झालं?" मी नाटकातला शेवट सांगितला. मग साखळीची गोष्ट सांगितली, आणि प्रथमच चहाचीही. आजीबाईंच्या मुलाला ती सांगणे अद्याप राहिलेच आहे.