शरदचं काय चुकलं?

मंडळी, चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' संथ आहे, ही तक्रार मला मान्य आहे. २०२० साली व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालं म्हणून ती खोटी ठरत नाही. पण रात्री रिकाम्या रस्त्यावरून शरद मोटारसायकलवर माईंच्या ध्वनिफिती ऐकत जातो, ती दृश्यं आठवा. तिथे वेग मुद्दाम मंदावलाय. हा माणूस माईंच्या आवाजात राहतो, स्वतःच्या गळ्यात नाही. रियाज कमी पडला, असं दिग्दर्शक कुठेच म्हणत नाही, आणि तेच बोचतं. आपल्या शेवगावातही भजनात जन्मभर मागे बसून झील धरणारे असतातच की! माझी तक्रार वेगळीय. शरदच्या घरची माणसं फार पुसट राहतात. या ध्यासाची किंमत त्यांनीही मोजली असणार. ती पडद्यावर दिसायला हवी होती.