केटी झाली का?

आयटीत असाल तर 'केटी' म्हणजे काय हे सांगायला नको. इतरांसाठी: नॉलेज ट्रान्सफर. कुणी राजीनामा टाकला की ९० दिवसांच्या नोटीस पिरियडमधल्या शेवटच्या दोन आठवड्यांत त्याला कॉलवर बसवतात, रेकॉर्डिंग सुरू करतात आणि त्याच्या डोक्यातलं सगळं ओतून घेतात. मग एक्सेल शीटमधला त्याच्या नावाचा रकाना हिरवा होतो. ती रेकॉर्डिंग्ज नंतर कुणी बघत असल्याचं मी तरी सहा वर्षांत पाहिलेलं नाही.

माणसाच्या डोक्यातलं काढून कंपनीच्या कपाटात ठेवता येतं, हा विश्वास येतो कुठून? त्याचा माग काढताना दोन पुस्तकं वाचली. पहिलं इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांचं 'द नॉलेज-क्रिएटिंग कंपनी' (१९९५). मॅनेजमेंटच्या मानाने हे फारच वाचनीय पुस्तक आहे. मायकल पोलान्यी या विचारवंताने मांडलेली अव्यक्त ज्ञानाची कल्पना लेखक उचलतात. आपल्याकडे त्याला 'हात बसणं' म्हणतात. भाकरी थापणाऱ्या आजीला पाणी किती घालायचं विचारा, ती म्हणेल, 'लागेल तेवढं.' नोनाका-ताकेउचींचं म्हणणं असं की हे हात बसलेलं ज्ञान चार टप्प्यांत कंपनीभर फिरवता येतं: सोबत राहून शिकायचं, शिकलेलं शब्दांत मांडायचं, मांडलेलं एकमेकांना जोडायचं आणि ते पुन्हा अंगात मुरवायचं.

पुस्तकातली सगळ्यात गाजलेली गोष्ट मात्सुशिताच्या ब्रेड मशीनची. पाव वरून करपत होता आणि आत कच्चा राहत होता. तेव्हा इकुको तानाका ही सॉफ्टवेअर डेव्हलपर (आपल्यातलीच!) ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे उमेदवारी करायला गेली. बेकर कणीक नुसती मळत नाही, पिळून ताणतो, हे तिच्या लक्षात आलं. ते तिने इंजिनिअरना समजावलं, मशीनची रचना बदलली आणि १९८७ साली मशीन बाजारात आलं.

गोष्ट झकास आहे, पण ती पुस्तकाच्याच चौकटीच्या विरुद्ध साक्ष देते. त्यात जे काही घडलं ते तानाकाने स्वतःचे हात पिठात घातले म्हणून. बेकरने दस्तऐवज लिहिला नव्हता. रोड्रिगो रिबेरो आणि हॅरी कॉलिन्स यांनी २००७ मध्ये याच मशीनवर लेख लिहून आणखी पुढचा मुद्दा मांडला: बेकरचं ज्ञान मशीनमध्ये गेलंच नाही. गेल्या त्या काही हालचाली. बाकीची उणीव मशीन वापरणारी माणसं स्वतःच्या समजुतीने भरून काढतात. मला हे पटतं. आणि आमच्या कंपन्यांनी तर चारातला दुसराच टप्पा, शब्दांत मांडण्याचा, तेवढा उचलला. पहिल्याला वेळ लागतो, आणि तो वेळ क्लायंटला बिल करता येत नाही.

दुसरं पुस्तक ज्युलियन ऑर यांचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' (१९९६). ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ. झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत ते हिंडले, त्यांच्यासोबत जेवले. कंपनीने तंत्रज्ञांना पायरीपायरीची मॅन्युअल्स दिली होती: हा एरर कोड आला तर हे करा. पण मशीन मॅन्युअल वाचून बिघडत नाही. अडलं की हे लोक एकमेकांना गोष्टी सांगत. 'तसंच एक मशीन माझ्याकडे होतं, त्यात काय झालेलं माहितीये?' अशा गोष्टीतून गोष्ट निघत निदान सापडायचं. ऑर यांचं गद्य रुक्ष आहे, मधली काही पानं मी सरळ उलटली. पण जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा म्हणजे टाइमपास नव्हे, तेच काम आहे, हे त्यांनी दाखवलं. टपरीवर प्रॉडक्शन इश्यू सुटताना ज्याने पाहिला असेल त्याला हे वाचून गंमत वाटेल.

ऑर यांना आणखी एक गोष्ट दिसते, जी नोनाकांच्या आकृतीत मावत नाही: इज्जत. अवघड मशीन आपण कसं सोडवलं हे सांगताना तंत्रज्ञ आपण कोण आहोत हेही सांगत असतो. उलट ज्याच्या पिठाच्या हिसक्यावर एवढं उत्पादन उभं राहिलं, त्या बेकरला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न ब्रेडच्या गोष्टीत येतच नाही.

माझ्या टीममधल्या एका सीनिअरला गेल्या वर्षी 'रोल रिडंडंट' म्हणून काढलं. जायच्या आधी महिनाअखेरच्या बॅचचं सगळं लिहून द्या, असं सांगितलं गेलं. दादांनी चाळीस पानं लिहिली, मन लावून. त्यात नव्हतं ते एवढंच: बॅच तिसऱ्या स्टेपला अडकली की रीस्टार्ट करण्याआधी क्लायंटकडच्या कुणाला फोन करायचा, आणि तो माणूस 'पाच मिनिटं' म्हणाला तर ती किती मिनिटं समजायची. त्यांनी लपवलं नव्हतं. विचारणारा समोर बसला असता तर बोलता बोलता आलं असतं. पण ज्या कागदामुळे आपली गरज संपणार तो कागद माणसाने आनंदाने का लिहावा, हे त्या मीटिंगमध्ये कुणीच विचारलं नाही. हल्ली ती चाळीस पानं एका चॅटबॉटला खाऊ घातली आहेत. तो तिसऱ्या स्टेपबद्दल अगदी ठामपणे बोलतो.

झेरॉक्सने पुढे १९९० च्या दशकात 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञ स्वतःच्या क्लृप्त्या त्यात लिहीत, जाणकार सहकारी त्या तपासत, आणि प्रत्येक क्लृप्तीखाली ती लिहिणाऱ्याचं नाव असे. हेही लिहून ठेवणंच होतं, पण वाचणारा आपल्याच धंद्यातला, आणि लिहिणारा उद्याही कामावर येणारा.

आमच्या केटीच्या शीटमध्येही नावाचा रकाना आहे. शीट हिरवी झाली की त्यातलं देणाऱ्याचं नाव काढून घेणाऱ्याचं टाकतात.