‘स्ट्रे’ आणि ‘पेर्दिदो’

कोलकात्यात जोडासाँको येथे जन्मलेल्या रवींद्रनाथांच्या ‘स्ट्रे बर्ड्स’ (१९१६) या इंग्रजी संग्रहाला सेनोबिया काम्प्रुबी यांनी स्पॅनिशमध्ये ‘पाखारोस पेर्दिदोस’, म्हणजे ‘हरवलेले पक्षी’, असे नाव दिले. ‘स्ट्रे’च्या अर्थच्छटा मराठी संदर्भानुसार वाटून घेते : कुत्रा भटका, गुरे मोकाट, वासरू चुकार, कागद सुटा. स्पॅनिशमध्येही ‘एर्रान्ते’ (भटका), ‘एक्स्त्राविआदो’ (वाट चुकलेला), ‘सुएल्तो’ (सुटा) हे पर्याय उपलब्ध होते.

संग्रहाच्या आरंभीच्या वचनातील पक्षी खिडकीशी येतात, गातात, उडून जातात. ते हरवलेले नाहीत. शिवाय ३२६ छोट्या वचनांच्या या ग्रंथात ‘स्ट्रे’ हे रचनेचेही विशेषण आहे. वचने सुटी, परस्परांशी न बांधलेली आहेत. ‘पेर्दिदोस’मध्ये ही छटा उरत नाही. याला इंग्रजीचे अज्ञान कारण नव्हे. काम्प्रुबींना ती भाषा बालपणापासून अवगत होती. अनुवादांना काव्यरूप देण्यात त्यांचे पती, कवी हुआन रामोन हिमेनेस, यांचा हात असे. तेव्हा ‘प’काराच्या अनुप्रासाने अर्थावर मात केली असावी.

मूळ बंगालीकडे जावे, हा नेहमीचा उपाय येथे थिटा पडतो. काही वचने ‘कणिका’ (१८९९) या बंगाली संग्रहातून आलेली असली, तरी त्या शीर्षकात पक्षी नाही. पक्ष्यांचे नाव इंग्रजीतच घडले. त्यामुळे निवाडा ग्रंथांतर्गत पुराव्यावरच करावा लागतो. तो ‘सुएल्तोस’च्या बाजूने जातो. या शब्दात सुटेपणाबरोबर मोकळे सोडलेल्या पक्ष्याचाही अर्थ आहे. अनुप्रास मात्र गमवावा लागतो.